फक्त जर्मन बोलणारी बाई

बेंगळुरात चामराजपेटच्या भाजीबाजारात मी एकदा लपून बसले होते. चाळिशी ओलांडलेली बाई, अंगावर बऱ्यापैकी साडी, हातात पिशवी, आणि कोहळ्यांच्या ढिगामागे उकिडवी बसलेली. भाजीवाली मंजुळा घाबरली. "येनायितु अक्का?" काय झालं, चक्कर आली का, पाणी देऊ का, असं तिचं सुरू झालं. मी तोंडावर बोट ठेवून तिला गप्प केलं. कारण समोरून माझ्या वर्गातला चार वर्षांचा एक मुलगा आईचं बोट धरून येत होता, आणि मी कन्नडमध्ये घासाघीस करताना त्याला दिसले असते तर माझी वर्षभराची मेहनत पाण्यात गेली असती.

ती गेलीच. त्यानं आधीच मला ऐकलं होतं. सोमवारी सकाळी त्यानं वर्गात जाहीर केलं की फ्राउ रावांना एक जुळी बहीण आहे, ती बाजारात जाते आणि तिला बिचारीला जर्मन येत नाही. सगळ्या वर्गाला हे पटलं. एका मुलीनं तर बहिणीला शिकवा म्हणून मला बजावलं. मी हो म्हटलं, अर्थात जर्मनमध्ये.

फ्राउ म्हणजे बाई. फ्राउ राव म्हणजे मी, उषा राव. बेंगळुरूच्या एका जर्मन द्विभाषिक शाळेत मी बालवर्गाची शिक्षिका होते. ऐन उमेदीची सगळी वर्षं तिथेच गेली. शाळेचं नाव लिहीत नाही. शाळा अजून आहे, इमारत पूर्वीपेक्षा चकचकीत आहे, पण मी जिच्याबद्दल सांगणार आहे ती शाळा आता नाही.

द्विभाषिक शाळा म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण आमच्या नातेवाइकांनाही ते शेवटपर्यंत कळलं नाही. लोकांना वाटायचं मी फळ्यावर जर्मन शब्द लिहिते आणि मुलं ते पाठ करतात. तसं काही नव्हतं. एका वर्गात आम्ही दोघी असायचो. एक इंग्रजी बोलणारी, एक जर्मन बोलणारी. मी शेंबूड पुसायचे तो जर्मनमध्ये, बुटाची नाडी बांधायचे ती जर्मनमध्ये, डबा सांडला की ओरडायचे तेही जर्मनमध्येच. बेरीज-वजाबाकीही त्याच भाषेत. नियम एकच होता, एका माणसाची एकच भाषा. जर्मनवाल्या बाईनं मुलांसमोर दुसऱ्या भाषेतला एक शब्द काढायचा नाही, आणि दुसरी भाषा आपल्याला कळते असं तोंडावर दिसूही द्यायचं नाही. मुलं लबाड असतात. बाईंना इंग्रजी येतं हे एकदा समजलं की ती अवघड वाटेला कशाला जातील? म्हणून मूल "वॉटर, वॉटर" करत पुढ्यात उभं राहिलं तरी मी भुवया उंचावून बघत राहायचे. मग ते बोटानं तांब्या दाखवायचं, आणि मी जर्मनमध्ये म्हणायचे, "अच्छा, पाणी हवंय होय तुला!"

आमचं घराणं बेंगळुरात कित्येक पिढ्यांचं. मराठ्यांची फौज इकडे आली तिच्यामागून कारकुनी करायला आलेले आपण, असं वडील सांगायचे. घरात मराठी, तेही असं की पुण्याचे पाहुणे ऐकून गालात हसतात. आम्ही "स्वल्प थांब" म्हणतो, "सरी" म्हणून मान डोलावतो, थोरल्या बहिणीला अक्का म्हणतो. घरी मराठी, रस्त्यावर कन्नड, बँकेत इंग्रजी, आणि शाळेच्या फाटकाच्या आत मी पक्की जर्मन. लहान मुलांची आणखी एक गंमत असते. नवी भाषा कानावर पडली की ती कित्येक महिने गप्प बसतात. या काळात आईबापांचा जीव टांगणीला लागतो आणि आमचा त्यांच्यामुळे.

एचएसआर लेआउटमध्ये राहणारं पुण्याचं एक जोडपं होतं. दोघंही सॉफ्टवेअरमधली. त्यांचा मुलगा आदित्य वर्गात आल्यापासून अवाक्षर बोलला नव्हता. एक दिवस दोघं भेटायला आली. वडील इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, दोन टर्म झाल्या, अजून काही डिलिव्हरेबल दिसत नाही." मी इंग्रजीत समजावत होते, तेवढ्यात आई त्यांच्याकडे वळून मराठीत म्हणाली, "अरे, ही बाई जर्मन आहे का तरी? साडी काय नेसते!"

"अगं, राव आहे ती. कानडी असेल. हळू बोल."

"कशाला हळू? तिला काय कळतंय!"

न कळल्याचा चेहरा करणं हा माझा धंदाच. मी शांतपणे म्हटलं, आणखी थोडी वाट बघू.

त्यानंतर काही दिवसांतच एक मुलगी आदित्यच्या खुर्चीवर बसली. आदित्य तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि खणखणीत जर्मनमध्ये म्हणाला, "ऊठ. ही माझी खुर्ची आहे. मी काल पण सांगितलं होतं." काल त्यानं काहीही सांगितलं नव्हतं. मनातल्या मनात सांगितलं असणार. माझ्या इंग्रजीवाल्या जोडीदारणीनं आणि मी एकमेकींकडे बघितलं, आणि दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील पेढे घेऊन आले. आदित्य गाडीत जाऊन बसल्यावर मी त्यांना मराठीत म्हटलं, "पेढे छान आहेत हो. पुण्याचे का?" त्यांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही.

अशा गमती पुष्कळ आहेत आणि त्या सांगायला मला आवडतं. खरं तर इथेच थांबले असते तर बरं झालं असतं. दिवाळी अंक माणसं फराळ करताना वाचतात, त्यांच्या तोंडची चव घालवू नये. पण या कामाची आठवण काढायची म्हटली की माझं मन गमतींपाशी थांबत नाही.

शाळा सुरू झाली ती एका भाड्याच्या बंगल्यात. यंत्रं बनवणाऱ्या जर्मन कंपन्यांचे इंजिनियर इथे दोन-चार वर्षांसाठी यायचे, त्यांच्याबरोबर बायकामुलं यायची. परत गेल्यावर मुलांना तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून त्या बायकांनीच वर्ग काढला. मी तेव्हा एका कंपनीत पत्रं टाइप करायचे. संध्याकाळच्या वर्गाला जाऊन जर्मन शिकले होते, म्हणून मला मदतीला बोलावलं, आणि मी तिथलीच झाले. पुढे आपल्याकडचे पालकही मुलं घालू लागले. बंगला पुरेना, मग शहराबाहेर इमारत झाली. भरभराटीच्या दिवसांत अंगणात दोन्ही भाषांमधली भांडणं एकाच वेळी चालायची.

त्या दिवसांतच कात्या आली. जर्मनीच्या पूर्व भागातल्या एका लहान गावातली उंच, लांब ढांगा टाकणारी शिक्षिका. एक वर्ष राहायचं म्हणून आली होती. पहिल्याच दिवशी माझं जर्मन ऐकून ती भिंतीला टेकून हसत सुटली. माझं जर्मन सगळं पुस्तकातलं आणि ऑफिसच्या पत्रांतलं. मी चार वर्षांच्या मुलाला सांगत होते, "आपण कृपया आपले नाक स्वच्छ करून घ्यावे." कात्यानं मला अंगणातलं जर्मन शिकवलं. लाडानं काय म्हणायचं, दटावायचं कसं, पडलेल्या मुलाच्या गुडघ्यावर फुंकर घालताना काय पुटपुटायचं, हे सगळं तिचं. तिच्या गावचे हेलसुद्धा माझ्या जिभेवर बसले. मी तिला बिसिबेळे भात करायला शिकवला. तो तिला शेवटपर्यंत नीट जमला नाही.

शाळेला वह्या-पुस्तकं पुरवणारं दुकान चामराजपेटचं, आमच्यासारख्याच जुन्या मराठी घरातल्या रघूचं. वह्यांचे गठ्ठे स्वतः पोचवायची त्याला एकाएकी फार हौस आली, तेव्हाच मला संशय आला होता. कात्याचं एक वर्ष संपलं आणि ती परत गेली नाही. शहरातच, बनशंकरी भागात दोघांचा संसार सुरू झाला. मुलगी झाली, तिचं नाव लेना ठेवलं, दोन्हीकडच्यांना म्हणता यावं म्हणून. घरात रघू आणि त्याची थोरली बहीण लेनाशी मराठी बोलायची, कात्या फक्त जर्मन. आमचाच नियम. लेना तीन वर्षांची असताना बापाला मराठीत हाक मारायची आणि त्याच श्वासात आईकडे वळून जर्मनमध्ये त्याची चहाडी करायची.

लेना बालवर्गात माझ्याकडे आली. आईच्या वर्गात मूल ठेवायचं नाही असा शाळेचा दंडक होता. त्याच वर्षी कात्याला दुखणं निघालं. ते कसलं होतं आणि काय काय उपाय केले, ते इथे लिहीत नाही. दिवाळीच्या सुमारास ती शाळेत शिकवत होती आणि उन्हाळा लागला तेव्हा नव्हती.

जायच्या थोडे दिवस आधी मी तिला भेटायला इस्पितळात गेले होते. उशीला टेकून बसली होती. म्हणाली, "उषा, रघू तिला सगळं देईल. तिला जेवू घालणारी माणसं पुष्कळ आहेत. पण माझी भाषा तिला कोण देणार? माझ्या आईला दुसरी कुठली भाषा येत नाही." कात्याच्या आईला, तेव्हाच्या साम्यवादी पूर्व जर्मनीत, शाळेत रशियन शिकवलं होतं, इंग्रजी नाही; आणि तेही त्या विसरल्या होत्या. लेना तिला ओमा म्हणायची. जर्मनमध्ये आजीला तसंच म्हणतात. कात्या म्हणाली, "लेनाशी तू दुसऱ्या भाषेत बोलू नकोस. कधीच नको. तुझ्या तोंडून तरी तिला माझं बोलणं ऐकू येईल."

मी तिला वचन दिलं. त्यात मला जड असं काही वाटलं नाही. शाळा होती, वर्ग होता, अंगणात जर्मनमध्ये भांडणारी मुलं होती. लेना मोठी होईपर्यंत हे सगळं असणारच, असं मी धरून चालले होते.

आई गेल्यावर लेना कित्येक आठवडे वर्गात माझ्या साडीचा पदर धरून फिरायची. इंग्रजीवाल्या बाईंना उत्तरच द्यायची नाही. रविवारी ओमाचा व्हिडिओ कॉल यायचा आणि लेना तासभर तिला सगळं सांगायची. कोण कोणाशी भांडलं, कोणाचा दात पडला. रघूला त्यातलं निम्मं कळायचं नाही, तरी तो शेजारी बसून राहायचा. पुढे एकदा ओमाशी मी बोलले तेव्हा त्या मधेच थांबल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही आमच्या गावच्यासारखं बोलता." मला बरं वाटलं. वाटलं, चाललंय ते ठीक चाललंय.

मग शाळा विरत गेली. कुणी मुद्दाम वाईट केलं असं नाही, म्हणून तर कुणावर रागावताही येत नाही. इथल्या इंजिनियर पोरांनी काम इतकं छान शिकून घेतलं की जर्मनीहून माणसं पाठवायची कंपन्यांना गरजच उरली नाही. जी थोडी कुटुंबं होती ती महामारीत विमानानं गेली आणि परत आली नाहीत. आपल्याकडच्या पालकांना इंग्रजी आणि मोठ्या परीक्षांची तयारी हवी होती. त्यांचंही काय चुकलं? वर्गात मी एक आणि समोर बोटांवर मोजण्याइतकी मुलं. शेवटी शेवटी अंगणात जर्मनमध्ये बोलणारी लेना एकटीच उरली. खेळताना ती बाहुलीशी बोलायची, कारण मुलं इंग्रजीत उत्तरं द्यायची.

जर्मन शाखा बंद करायची की नाही यावर पालक आणि व्यवस्थापन यांची सभा झाली. अध्यक्ष फार सभ्य गृहस्थ. पडद्यावर तक्ते दाखवून त्यांनी सांगितलं की शाखा चालवणं आता शक्य नाही, पण जर्मन काही जाणार नाही, आपण जर्मन क्लब काढू. आठवड्यातून एकदा. गाणी, खेळ, नाताळात केक.

मी उभी राहिले. मी म्हटलं, "सर, इतर मुलांसाठी ही एक जादा भाषा आहे. लेनासाठी ही तिची आई आहे. आई आठवड्यातून एकदा क्लबमध्ये भेटत नाही."

पहिल्या रांगेतल्या एका आईनं रुमालानं डोळे टिपले. अध्यक्ष म्हणाले, "वी ऑल फील फॉर द चाइल्ड." मग हात वर करायला सांगितलं. डोळे टिपणाऱ्या बाईनंही शाखा बंद करण्याच्या बाजूनं हात वर केला. तिच्या दुसऱ्या हातात रुमाल तसाच होता. मागच्या रांगेत रघू बसला होता. त्यानं हात वरच केला नाही, ना इकडून ना तिकडून. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "उषाक्का, तुमी घरी येत जावा. आनी काय करनार आपन?"

मी निवृत्ती घेतली आणि दर शनिवारी बनशंकरीला जाऊ लागले. कामाचा सगळा अनुभव मी त्या एका मुलीवर लावला. आम्ही कणीक मळली, चित्रं कापली, पत्ते खेळलो, कुंडीत टोमॅटो लावले. सगळं जर्मनमध्ये. पहिलं वर्ष बरं गेलं. शाखा बंद झाल्यावर रघूनं लेनाला दुसऱ्या शाळेत घातलं होतं, ती नवी शाळा मग तिच्या अंगात भिनली. तिथे इंग्रजी, कन्नड, हिंदी, मैत्रिणी, त्यांची भांडणं, त्यांची गुपितं. शनिवारी तिच्या डोळ्यांत सांगायचं पुष्कळ दिसायचं. ती तोंड उघडायची, शब्द शोधायची, सापडला नाही की खांदे उडवून म्हणायची, "काही नाही." एवढं मात्र पक्क्या जर्मनमध्ये.

मी कोणाला सांगू, या गोष्टी होताना मला दिसत होत्या. माझं कामच ते होतं. गप्प मूल बोलू लागताना मी शेकडो वेळा बघितलं होतं, आता बोलतं मूल गप्प होताना बघत होते. आधी भूतकाळातली क्रियापदं जातात, मग वाक्यं तुटतात, मग फक्त हो आणि नाही उरतं. एका भाषेला एक म्हातारी पुरत नाही. तिला चिडवणारी, खोड्या काढणारी, कानात कुजबुजणारी पोरं लागतात. ती मी कुठून आणणार?

तरी शोधलं. आज बेंगळुरात गल्लोगल्ली जर्मनचे वर्ग आहेत. नर्स मुली आहेत, इंजिनियर आहेत, सगळे तिकडे नोकरीला जायच्या तयारीतले. लेनाला मी एका वर्गात नेलं. तिथे ती मुलाखतीत आपली ओळख कशी करून द्यावी ते शिकली. दोनदा गेली आणि तिसऱ्यांदा गेली नाही. "मला भूक लागलीय", "मला भीती वाटते", "माझ्याजवळ बस", हे शिकवणारा वर्ग बेंगळुरात एकही नव्हता. होता तो बंद झाला होता.

मागच्या वर्षी रघू मला दारापर्यंत सोडायला आला आणि चाचरत म्हणाला, "उषाक्का, राग येऊ देऊ नका. स्वल्प मराठी बोला की तिच्याशी. शनिवार आला की तिचं पोट दुकतंय."

मी म्हटलं, "रघू, कात्याला मी शब्द दिलाय."

"सरी," तो म्हणाला. "कात्याला मीपन लई शब्द दिल्ते."

त्यानंतर मी शनिवारऐवजी रविवारी जाऊ लागले, ओमाच्या कॉलच्या वेळेला. निदान त्या दोघींमध्ये धागा राहावा म्हणून. ओमा आता वृद्धाश्रमात असतात. त्यांच्यासमोर टॅब्लेट धरून उभी असते ती नर्स केरळची. ती त्यांच्याशी सफाईनं जर्मन बोलते, त्यांची उशी सारखी करते. बेंगळुरातच शिकले, असं तिनं मला एकदा कौतुकानं सांगितलं.

या पावसाळ्यातला एक रविवार. ओमा त्या दिवशी खुशीत होत्या. कात्या लहानपणी शेजाऱ्यांच्या चेरीच्या झाडावर चढून बसायची आणि हाका मारल्या तरी उतरायची नाही, असं काहीसं सांगत होत्या. सांगता सांगता स्वतःच हसत होत्या. लेना पडद्याकडे बघून हसत होती, पण जरा उशिरा, ओमा हसल्यावर. मला ते कळलं. ओमांनाही कळलं असावं, कारण त्या थांबल्या आणि त्यांनी लेनाला विचारलं, "तुला आठवते का गं ती?"

साधा प्रश्न. तीन वर्षांची असताना तिनं याहून अवघड प्रश्नांची उत्तरं दिली असती. लेना माझ्याकडे वळली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. ती मराठीत म्हणाली, "त्या आज्जी काय म्हनतात?" परक्या घरच्या म्हातारीबद्दल विचारावं तसं.

मी पुन्हा जर्मनमध्ये सांगायला तोंड उघडलं. सोपे शब्द शोधले. त्याहून सोपे नव्हतेच. पडद्यावर ओमा वाट बघत होत्या, इथे लेनाची हनुवटी थरथरत होती. मग मी मराठीत म्हटलं, "त्या विचारतात, तुला आई आठवते का?"

लेना माझ्याकडे बघतच राहिली. "अय्यो, फ्राउ राव, तुमी मराठी बोल्लात माझ्याशी!"

आणि तिला बांध फुटला. ती किती बोलली! आईचा हात आठवतो, हातावरचा तीळ आठवतो, केसांचा वास आठवतो. आवाज आठवत नाही. पप्पांना विचारलं तर ते उठून जातात, अत्त्या रडते, म्हणून विचारत नाही. "तुमाला विचारायचं होतं, फ्राउ राव, लई दिवसांपासनं. पन मला जर्मनमदी विचारता येत नव्हतं. आई बोलायची कशी?"

इतकी वर्षं दर आठवड्याला मी तिच्या आईच्याच शब्दांत, तिच्याच हेलात तिच्याशी बोलत आले होते, ती आई कशी बोलायची ते तिला कळावं म्हणून. 

पडद्यावर ओमा मान डोलावत होत्या. न कळणाऱ्या भाषेपुढे माणूस सभ्यपणे हसतो तसं हसत होत्या. तो चेहरा मी आयुष्यभर मुलांसमोर खोटा केला होता, त्यांचा खरा होता. त्यांनी हळूच विचारलं, "काय म्हणतेय ती?"

मी सांगितलं. ओमांनी लेनावरची नजर काढून माझ्याकडे वळवली आणि म्हणाल्या, "तिला सांगा, तिची आई चिडली की फार भरभर बोलायची."

मी लेनाला सांगितलं. लेना हसली आणि म्हणाली, "त्यांना सांगा, मीपन." मी ओमांना सांगितलं. ओमा हसल्या.

तेव्हापासून दर रविवारी असंच चालतं. ओमा माझ्याशी बोलतात, लेना माझ्याशी बोलते. लेनाचं पोट आता दुखत नाही, ती माझी वाट बघते, मला चहा करून देते. रघू म्हणतो, बघा अक्का, किती खूष आहे. मी हो म्हणते. परतीच्या वाटेवर बनशंकरीच्या बसस्टॉपवर बसते आणि रडते. मी कात्याला दिलेला शब्द मोडला, आणि मोडायच्या आधीच तो वाया गेलेला होता. यातलं कुठलं दुःख मोठं ते मला ठरवता येत नाही.

मधे एका रविवारी मला ताप होता, जाता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी रघूला फोन करून विचारलं, "काल कॉल आला होता ना? काय बोलल्या दोघी?"

"आल्ता की," रघू म्हणाला. "दोघींनी हात हलवला. मग एकमेकींकडं बघत बसल्या स्वल्प वेळ. लेनानं परत हात हलवला, त्यांनीपन हलवला. मग त्या नर्सबाईनं बंद केला, अक्का."